मुलांना संवाद लिहायला शिकवताना

माकुणसार, केळवे, सफाळे या पट्ट्यातल्या शिक्षकांशी आणि पालकांशी मुलांच्या लेखनाविषयी बोलायला बसले, की एक तक्रार हमखास निघते. मूल गोष्ट सांगते तेव्हा ऐकत राहावेसे वाटते. तीच गोष्ट कागदावर आली, की कोण बोलतो आहे, कुठे बोलणे संपले आणि कुठे पुन्हा गोष्ट सुरू झाली, याचा पत्ता लागत नाही. मग शिक्षक लाल पेन घेऊन सगळीकडे अवतरणचिन्हे पेरतात आणि मूल पुढच्या वेळी संवाद टाळून निबंध लिहून मोकळे होते.

तुम्ही विचारता ते प्रश्न साधारण तीन आहेत. ‘म्हणाला की’ याच्यापुढे अवतरणचिन्ह द्यायचे का? पूर्णविराम चिन्हाच्या आत की बाहेर? आणि मुलाने पात्राच्या तोंडी घरची बोली घातली, तर ती चूक धरायची का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. पाचवीपासून बारावीपर्यंत कोणत्याही वर्गात ती चालतील. पाचवी-सहावीच्या मुलांना मात्र ती एका दमात देऊ नका.

आधी आवाज वेगळे करा

विरामचिन्हांचा तक्ता फळ्यावर लावून सुरुवात केली, तर मुले चिन्हांची नावे पाठ करतात आणि लिहिताना विसरतात. त्याऐवजी या क्रमाने जा:

१. घरात, एसटीत, केळवे रोडच्या फलाटावर किंवा बाजारात ऐकलेले चार-पाच वाक्यांचे बोलणे मुलांना आठवून लिहायला सांगा. एकही चिन्ह द्यायचे नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची खरी नावेही लिहायची नाहीत.

२. तो कागद दोन मुलांना उभे राहून वाचायला द्या. एकाने एक माणूस व्हायचे, दुसऱ्याने दुसरा. जिथे वाचणारे अडखळतील, तिथेच चिन्हाची गरज आहे. हे तुम्ही सांगण्याआधी त्यांना स्वतःला कळते.

३. आता दोन रंगांची पेने. तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द निळा, बाकी सगळे काळे. ‘आजी म्हणाली’ हे काळे, कारण आजीने ते म्हटलेले नाही. या एका टप्प्यावर भरपूर वेळ घालवा. पुढचे निम्मे काम इथेच होते.

४. रंग बदलतो तिथे अवतरणचिन्ह. निळे सुरू झाले की उघडायचे, निळे संपले की मिटायचे.

५. बोलणारा बदलला, की नवी ओळ.

पाचवी पायरी मुले सर्वांत जास्त गाळतात, कारण कागद वाया जातो असे त्यांना वाटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तर ती हमखास गाळली जाते. पण ओळ बदलली, की चिन्हांची अर्धी चूक वाचकाला सहन होते. ओळ न बदलता चिन्हे अचूक दिली, तरी वाचताना दम लागतो. एका वेळी एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर नवी ओळ शिकवा.

एक उतारा, आधी आणि नंतर

फळ्यावर हा मजकूर असाच लिहा:

आजी टोपली उतरवत म्हणाली आज पापलेट मिळालंच नाही मग विकणार काय मी विचारले बोंबील तिने टोपलीकडे बोट दाखवले आणि तू रे शाळा सुटली का लवकर

मुलांकडून दोन रंग करून घेतल्यावर तो असा होईल:

आजी टोपली उतरवत म्हणाली, “आज पापलेट मिळालंच नाही.”
“मग विकणार काय?” मी विचारले.
“बोंबील.” तिने टोपलीकडे बोट दाखवले. “आणि तू रे? शाळा सुटली का लवकर?”

या तीन ओळींत जवळजवळ सगळे नियम आले आहेत:

- ‘म्हणाली’ आधी आले, तर त्याच्यापुढे स्वल्पविराम, मग अवतरणचिन्ह. पूर्णविराम मिटणाऱ्या चिन्हाच्या आत, कारण वाक्य आजीचे आहे.
- ‘विचारले’ नंतर आले आणि बोलण्याला प्रश्नचिन्ह असेल, तर ते आतच राहते. आणखी स्वल्पविराम लावायचा नाही.
- बोलणे साधे विधान असेल आणि ‘म्हणाला’ नंतर येत असेल, तर पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम: “आज बोंबीलच आहेत,” आजी म्हणाली. वाक्य ‘म्हणाली’पाशी संपते, म्हणून पूर्णविराम तिथे.
- “बोंबील.” नंतर मात्र पूर्णविरामच हवा. ‘बोट दाखवले’ ही बोलण्याची क्रिया नाही, ते वेगळे वाक्य आहे. हसला, उठला, मान हलवली, दार लावले ही क्रियापदे ‘म्हणाला’ची जागा घेऊ शकत नाहीत. “मी येत नाही,” तो उठला, असे मुले सर्रास लिहितात. ते “मी येत नाही.” तो उठला. असे करायला सांगा.

बोलण्याच्या मध्येच ‘म्हणाला’ आले, तर एकच प्रश्न विचारा: पुढचा भाग त्याच वाक्याचा आहे की नवा? “पाणी भर,” आजी म्हणाली, “आणि मग खेळायला जा.” हे एक वाक्य. “पाणी भर,” आजी म्हणाली. “खेळायला नंतर जा.” ही दोन.

‘की’ आणि ‘असे’

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे आणि तो मुलांच्या हलगर्जीपणामुळे होत नाही. आपल्या भाषेची घडणच तशी आहे. ‘राजू म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यातला ‘मी’ राजूच आहे. दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगतानाही मराठीत ‘मी’ तसाच राहू शकतो, काळही बदलत नाही. म्हणून जसेच्या तसे दिलेले बोलणे कोणते आणि सांगितलेले कोणते, हे नुसत्या शब्दांवरून ओळखता येत नाही. मूल मग दोन्ही खुणा एकदम वापरते: राजू म्हणाला की, “मी उद्या येतो.”

असे लेखन तुम्हाला छापील मजकुरातही दिसेल. तरी शाळेत एकच नियम ठेवा: ‘की’ असेल तर अवतरणचिन्ह नाही, अवतरणचिन्ह असेल तर ‘की’ नाही.

- राजू म्हणाला, “मी उद्या येतो.” (राजूचा आवाज)
- राजू म्हणाला की मी उद्या येतो. (गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज)

‘की’च्या आधी स्वल्पविराम द्यावा, नंतर द्यावा की देऊच नये, यावर शिक्षकांत वाद होतात. माझे मत, देऊ नये. ‘की’ स्वतःच दोन भाग जोडतो आहे. तुमच्या शाळेत वेगळी पद्धत रुळली असेल, तर ती चालू द्या. फक्त एका वहीत दोन पद्धती नकोत.

‘असे’चा विचार थोडा वेगळा. “उद्या येतो” असे म्हणून राजू गेला. इथे ‘असे’ हा शब्द बोलणे संपल्याचे सांगतोच, म्हणून मिटणाऱ्या चिन्हाआधी स्वल्पविराम नको. मराठीत विरामचिन्हांची पद्धत घडवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा; त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचे. त्याआधीच्या लेखनात अवतरणचिन्हे नव्हती, तरी कोणाचे बोलणे कुठे संपले ते ‘म्हणे’, ‘म्हणोन’, ‘ऐसे’ या शब्दांवरून कळत असे. ते शब्द आजही आपल्या वाक्यांत काम करतात, म्हणून मुलाला चिन्ह आणि शब्द यांतले एक निवडायला शिकवावे लागते.

निवड कशी करायची? बोलणे महत्त्वाचे असेल, त्यात राग, लाड, खोटेपणा, घाई ऐकू यायला हवी असेल, तर अवतरणचिन्ह. नुसती माहिती पोहोचवायची असेल, तर ‘की’. ‘बाबा म्हणाले की लोकल उशिरा आहे’ एवढे पुरेसे आहे. त्यासाठी नवी ओळ नको. आई मुलाला खडसावते ते मात्र तिच्याच शब्दांत यायला हवे.

सूर दाखवणारी चिन्हे

एकाच वाक्याला तीन चिन्हे लावून वाचून घ्या: तू आलास. तू आलास? तू आलास! मराठीत ‘का’ न लावता नुसत्या सुरावर प्रश्न होतो, म्हणून कागदावर प्रश्नचिन्हाला पर्याय नाही. ‘काय सांगतोस’ हे प्रश्नही असू शकते आणि आश्चर्यही. मुलाला विचारा, तुझे पात्र उत्तराची वाट पाहते आहे का? पाहत असेल तर प्रश्नचिन्ह. उद्गारचिन्ह एकच, तीन लावल्याने आवाज तिप्पट होत नाही.

संबोधनानंतरचा स्वल्पविराम लहान दिसतो, पण अर्थ फिरवतो. “काका बोलवतात.” म्हणजे काका कुणाला तरी बोलावत आहेत. “काका, बोलवतात.” म्हणजे काकांनाच कुणीतरी बोलावते आहे. ‘अगं’, ‘अहो’, ‘अरे’ यांच्यानंतरही तो बहुतेक वेळा लागतो. वाक्याच्या शेवटच्या ‘ना’, ‘हं’, ‘बरं का’ यांच्याआधी मात्र उगाच तोडू नका: “येशील ना?”

बोलणे विरत गेले तर तीन टिंबे, दुसऱ्याने मध्येच तोडले तर अपसारणचिन्ह:

“मी येणारच होतो, पण...”
“पण काय?”
“रस्त्यात एवढा–”
“पुरे. आत ये.”

बोलणाऱ्याने दुसऱ्या कुणाचे बोलणे सांगितले, तर आत एकेरी चिन्ह: “आजी, बाई म्हणाल्या, ‘उद्या वही आणा.’ मला पैसे दे ना.” मनातला विचार एकेरी चिन्हात द्यावा किंवा चिन्हाविना, गोष्टभर एकच पद्धत पाळली म्हणजे झाले.

प्रत्येक ओळीला ‘म्हणाला’ नको

दोनच माणसे बोलत असतील आणि ओळी नीट बदलल्या असतील, तर दोन-तीन ओळींनंतर ‘म्हणाला’ गाळता येते. मराठीत ही सोय मोठी आहे, कारण क्रियापदच बरेच काही सांगते. “कुठे गेला होतास?” यावरून ऐकणारा मुलगा आहे आणि बोलणारा त्याच्याहून मोठा किंवा बरोबरीचा आहे, हे कळते. “कुठे गेला होतात?” म्हटले, की नाते बदलले. म्हणून तपासताना चिन्हांबरोबर एवढे पाहा: बाहेर ‘आजोबा म्हणाले’ असेल आणि आत नातू त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असेल, तर ते शेवटपर्यंत टिकले आहे का? बऱ्याच घरांत आजोबांना ‘तू’ म्हणतात. मुलाने तसे लिहिले असेल, तर आतले ‘तू’ राहू द्या आणि बाहेरचे ‘म्हणाले’ही राहू द्या. दोन्ही बरोबर आहेत.

अवतरणचिन्हाच्या आतली बोली मुलाची आहे

पालघर जिल्ह्यात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि इथे आपण शिक्षक मुलांवर अन्याय करतो. किनाऱ्यावरच्या घरांत वाडवळी, मांगेली बोलतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांत वारली, कातकरी, कोकणा बोलतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती मराठी शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात हिंदी किंवा भोजपुरी आहे. या मुलांना आजीचे बोलणे लिहा म्हटले, की ती आजीला पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलायला लावतात. तसे न लिहिले, तर लाल रेघ येते हे त्यांनी पाहिलेले असते.

नियम मुलाच्या बाजूने आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर घातली. पात्राच्या तोंडी घातलेली भाषा त्या पात्राच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मोकळीक हे नियम देतात. ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही अनुस्वाराची बोलीतली रूपेही संवादात चालतात. इतरत्र ‘असे केले’, ‘मी म्हटले’ लिहावे, असे हे नियम सांगतात. वरच्या उताऱ्यात आजी ‘मिळालंच’ म्हणते आणि गोष्ट सांगणारा ‘विचारले’ लिहितो, ते याच आधाराने. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे.

प्रत्यक्षात असे करा:

- अवतरणचिन्हाच्या बाहेरच्या मजकुराला शुद्धलेखनाचे सगळे नियम लावा.
- आतल्या शब्दांना हात लावू नका. तपासायचे ते एवढेच: हे पात्र असे बोलते का, आणि सगळीकडे तसेच बोलते का?
- एखादा शब्द तुम्हाला कळला नाही, तर मुलाला विचारा. वर्गातल्या इतरांना अडेल असे वाटले, तर पुढच्या वाक्यात अर्थ उलगडेल अशी रचना करायला सांगा. कंसात प्रमाण शब्द टाकायला लावू नका.
- बोलीतल्या शब्दाला अवतरणचिन्ह लावून वेगळा काढू नका. संपूर्ण वाक्य आधीच चिन्हात आहे. आत पुन्हा एकेरी चिन्ह लावले, तर तो शब्द परका ठरतो.

परीक्षेत गुण जातील अशी भीती वाटत असेल, तर बोलीची मात्रा कमी ठेवायला सांगा: एका पात्राच्या तोंडी, दोन-तीन वाक्यांत. दहावीच्या कुमारभारतीत कथालेखन आहे. तिथे बोलीतला एक जिवंत संवाद गोष्ट उचलून धरतो. पण सरावाच्या वहीत मर्यादा घालू नका.

नाटुकले आणि मुलाखत

इथे पद्धत वेगळी आहे आणि मुले दोन्हींची सरमिसळ करतात. नाट्यप्रवेशात आणि मुलाखतीत आधी बोलणाऱ्याचे नाव, मग अपूर्णविराम, मग बोलणे. अवतरणचिन्ह नाही, ‘म्हणाला’ नाही. हावभाव कंसात. बारावीच्या युवकभारतीत मुलाखत आहे, तेव्हा अकरावीपासूनच हा फरक पक्का करा. एकच प्रसंग एकदा गोष्ट म्हणून आणि एकदा नाटुकले म्हणून लिहून घेतला, तर तो एका तासात कळतो.

मोबाइलवर आणि संगणकावर लिहिताना

- अपूर्णविराम आणि विसर्ग सारखे दिसतात, पण वेगळे आहेत. ‘आजी:’ लिहिताना विसर्गाची कळ दाबली, तर ‘आजीः’ होते. छापताना ते दिसत नाही, शोधताना आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला मात्र अडते.
- प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, पूर्णविराम यांच्याआधी जागा सोडू नका, नंतर सोडा.
- हिंदीतला उभा दंड मराठी वाक्याच्या शेवटी नको. ज्या मुलांचे वाचन हिंदीतून होते, त्यांच्या लेखनात तो शिरतो; शांतपणे एकदा सांगितले की पुरते.
- जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला, तर अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात. शाळेच्या वार्षिकांकात गोष्टी छापताना मुद्रिते यासाठी पुन्हा वाचा.

तपासण्याची पद्धत

सगळ्या चुका एकदम दुरुस्त करू नका. या आठवड्यात फक्त नवी ओळ, पुढच्या आठवड्यात फक्त उघडणारे आणि मिटणारे चिन्ह, त्यानंतर आतला विराम. चूक जिथे आहे त्या ओळीसमोर समासात एक टिंब द्या; काय चुकले ते मुलाने शोधायचे. तुम्ही दुरुस्त करून दिलेले चिन्ह मूल उतरवते. स्वतः शोधलेले चिन्ह पुढच्या गोष्टीत आपोआप येते.

नावाजलेल्या कादंबऱ्यांत अवतरणचिन्हे नसतात, मग आम्हीच का द्यायची, असे नववी-दहावीतले एखादे वाचणारे मूल विचारील. त्याला गप्प बसवू नका. चिन्हांशिवाय एक प्रसंग लिहू द्या आणि दुसऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचणारा कुठेच अडखळला नाही, तर त्याची निवड मान्य करा.

नमुने कोठून घ्यायचे

संवादाचे उतारे दाखवण्यासाठी ‘श्यामची आई’ सोयीचे आहे. आई आणि मुलगा यांचे बोलणे त्यात भरपूर आहे आणि साने गुरुजी १९५० साली वारल्यामुळे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या नियमाने, त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. इतर लेखकांचा उतारा शिकवण्यासाठी फळ्यावर किंवा कागदावर उतरवून घेणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार भंग ठरत नाही. वार्षिकांकात तो छापायचा असेल, तर मात्र परवानगी लागते.

हाच कायदा मुलालाही लागू आहे. त्याने लिहिलेल्या गोष्टीचा हक्क त्याचा आहे, शाळेचा नाही. म्हणून छापण्याआधी पालकांना विचारा, आणि संपादन केलेली प्रत मुलाला दाखवा. आजीच्या तोंडचा एखादा शब्द तुम्ही बदलला असेल आणि मूल म्हणाले, “आजी असं बोलत नाही,” तर तिचा शब्द तिला परत द्या.